अर्धा विद्यार्थी, अर्धा नोकर, पूर्णवेळ डॉक्टर

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रपाळीला एक वाक्य उच्चारण्यास अलिखित बंदी असते. ‘आज फारशी गर्दी दिसत नाही,’ असे एखादा नवखा डॉक्टर बोलून गेला, की सिस्टरपासून वॉर्डबॉय मामांपर्यंत सगळे त्याच्याकडे असे पाहतात, जणू ऐन मंगलाष्टकांत तो शिंकला आहे. पुढच्या अर्ध्या तासात अपघाताचे तीन रुग्ण आले, तर त्याचे खापर महामार्गावरच्या खड्ड्यांवर फुटत नाही. ते बोलणाऱ्याच्या डोक्यावर फुटते. प्रत्येक तुकडीत एखादा ‘पनवती’ असतोच. त्याची ड्युटी लागली की खाटा भरणार, जमिनीवर गाद्या पडणार आणि पहाटेचा चहा हुकणार, याबद्दल सहकाऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते. एरवी पुराव्याखेरीज कशावरही विश्वास न ठेवण्याचे शिक्षण घेतलेली ही मंडळी या एका बाबतीत मात्र पक्की अंधश्रद्ध असतात.

या मंडळींना आपल्याकडे ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात. एमबीबीएस आणि आंतरवासिता पूर्ण करून, प्रवेश परीक्षेची चाळणी ओलांडून एमडी किंवा एमएसच्या तीन वर्षांसाठी दाखल झालेले हे तरुण. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, भायखळ्याचे जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरची घाटी, अशी राज्यातील मोठी सार्वजनिक रुग्णालये रात्री आठनंतर प्रामुख्याने त्यांच्याच भरवशावर चालतात. ब्रिटनमध्ये अशा डॉक्टरांना वर्षानुवर्षे ‘ज्युनियर’ म्हणत. ते अवमानकारक वाटते म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे ‘रेसिडेंट’ हे नाव रूढ करण्यात आले. महाराष्ट्राने हा मान त्यांना केव्हाच दिला आहे. अडचण एवढीच, की येथे नावातला ‘निवास’ बहुतेकांच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. वसतिगृहाच्या एका खोलीत तिघे-चौघे दाटीवाटीने राहतात, आणि पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला त्या खोलीचीही गरज फारशी भासत नाही. वॉर्डालगतच्या साइडरूममधील बाकडे त्याला पुरते.

छत्तीस तासांच्या ड्युटीबद्दल वाचक अधूनमधून ऐकतात. हा आकडा काहींना अतिशयोक्त वाटतो. वास्तविक त्यामागचे गणित सरळ आहे. प्रत्येक विभागाची युनिटे पाडलेली असतात आणि प्रत्येक युनिटला आठवड्यातील एक दिवस ‘इमर्जन्सी’ असते. समजा, एका युनिटची इमर्जन्सी सोमवारी आहे. पहिल्या वर्षाचा डॉक्टर पहाटे पाचच्या सुमारास वॉर्डात उतरतो, कारण सकाळच्या राउंडपूर्वी सर्वांचे रक्तनमुने घेऊन झालेले असावे लागतात. त्यानंतर राउंड, मग दुपारपर्यंत बाह्यरुग्ण विभाग आणि त्यापुढे मंगळवारच्या सकाळपर्यंत येणारे सगळे तातडीचे रुग्ण. मंगळवारी उजाडले म्हणून सुटका नाही. रात्री दाखल झालेल्या प्रत्येकाची माहिती प्राध्यापकांसमोर सादर करायची असते, तपासण्यांचा पाठपुरावा करायचा असतो, शस्त्रक्रिया असल्यास हातात साधन धरून टेबलापाशी उभे राहायचे असते. उभ्या उभ्या झोपण्याची कला घोड्यानंतर शल्यचिकित्सेच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरलाच साधली आहे, हा विनोद तेथूनच आला. मंगळवारची संध्याकाळ होईपर्यंत छत्तीस तास उलटून गेलेले असतात. बुधवारी पुन्हा पहाटे पाच.

या अवधीत घडणाऱ्या प्रसंगांचा एक मोठा मौखिक संग्रह प्रत्येक वसतिगृहात असतो. ‘कोणती गोळी चालू आहे?’ या प्रश्नाला ‘पांढरी, गोल’ याखेरीज वेगळे उत्तर देणारा रुग्ण क्वचितच भेटतो. रात्री तीन वाजता ‘चार वर्षांपासून कंबर दुखतेय’ म्हणून तातडीच्या विभागात येणाऱ्या गृहस्थांना आज आणि आत्ताच का, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. ‘दिवसा फार गर्दी असते हो,’ हे त्यांचे उत्तर तर्कशुद्ध असते. महिला डॉक्टरने अर्धा तास तपासून, औषधे लिहून, आहाराबद्दल समजावून सांगितले, की नातेवाईक नम्रपणे विचारतात, ‘सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येणार?’ त्याच वेळी स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना मात्र वयाच्या आधारावर ‘डॉक्टरसाहेब’ ही पदवी बहाल झालेली असते. मामाही ती नाकारत नाहीत.

सणांचे वेळापत्रकही येथे निराळेच. गोपाळकाल्याला अस्थिव्यंग विभाग गोविंदांच्या हातापायांची मोजदाद करतो. दिवाळीत भाजलेली मुले येतात. संक्रांतीला नागपुरात नायलॉन मांजाने कापलेले गळे शिवायचे असतात. पावसाळा उतरला की मुंबईत हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोने औषधवैद्यक विभागाच्या खाटा आणि खाटांमधील मोकळी जागा भरते. निवासी डॉक्टरच्या घरी दिवाळीचा फराळ पोहोचतो तो डबा कुरिअरने येतो म्हणून.

हे सारे ऐकताना हसू येते आणि ते सांगणारेही हसतच सांगतात. या हसण्याकडे मात्र थोडे संशयानेच पाहावे लागेल. ज्या व्यवस्थेत तक्रारीला जागा नसते, तेथे तक्रार विनोदाचे रूप घेऊन फिरते. आणि विनोद झाला, की त्याची दखल घेण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. ‘आमच्या वेळी तर आम्ही बहात्तर तास उभे असायचो,’ हे प्राध्यापकांचे पालुपद त्याच जातकुळीचे. एकेकाळचा जाच पुढे पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि पुढच्या पिढीला तोच जाच परंपरा म्हणून मिळतो.

घोळ एका शब्दाचा

या प्रश्नाच्या मुळाशी एक साधी संदिग्धता आहे. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी की कर्मचारी? त्याला दरमहा मिळणाऱ्या रकमेचे नावच ‘विद्यावेतन’. अर्धी विद्या, अर्धे वेतन. तो ज्या संस्थेत रात्रंदिवस राबतो, तिलाच दरवर्षी शिक्षणशुल्कही भरतो. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, भरपगारी रजा यांचा विषय निघाला, की ‘तुम्ही शिकायला आला आहात’ अशी आठवण करून दिली जाते. त्याने काम थांबवण्याची भाषा केली, की तोच एका रात्रीत अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी होतो आणि ‘मेस्मा’चा उच्चार सुरू होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने संप केला, तेव्हाच्या मागण्या या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. करोनाकाळात शिक्षण झालेच नाही म्हणून शुल्क माफ करा, ही एक मागणी. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत विद्यावेतनातून होणारी आयकर कपात थांबवा, ही दुसरी. म्हणजे शुल्क घेणाऱ्या खिडकीवर तो विद्यार्थी होता आणि कर कापणाऱ्या खिडकीवर नोकरदार.

ही संदिग्धता कोणी मुद्दाम निर्माण केली असे नव्हे. पण ती सर्वांच्या सोयीची आहे, हे नाकारता येणार नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी जी योजना लागू केली, तीत कनिष्ठ निवासी डॉक्टरने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम करू नये, असे नमूद आहे. मात्र त्याच वाक्यात कामाच्या निकडीनुसार तास लवचिक राहतील, अशी पुस्तीही जोडलेली आहे. सरकारी रुग्णालयात निकड कधी नसते? या पुस्तीच्या दाराने मूळ नियम केव्हाच बाहेर निघून गेला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमावलीने तर आकडाच काढून टाकला. निवासी डॉक्टर ‘वाजवी’ तास काम करतील आणि त्यांना ‘वाजवी’ विश्रांती मिळेल, एवढेच ती म्हणते. वर्षाला २० दिवसांची किरकोळ रजा आणि साप्ताहिक सुट्टी यांचा उल्लेख आहे. पण वाजवी म्हणजे किती, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या विभागप्रमुखावर सोपवलेले दिसते.

आयोगानेच नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. आठवड्याला ७४ तास आणि सलग २४ तास ही कमाल मर्यादा असावी, अशी त्याची शिफारस आहे. ४८ वरून ७४ हा बत्तीस वर्षांतील प्रवास बोलका आहे. याच अहवालासाठी झालेल्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी आठवड्याला साठ तासांहून अधिक काम करीत असल्याचे, तर निम्म्याहून अधिकांनी साप्ताहिक सुट्टी मिळत नसल्याचे सांगितले. अहवाल आला त्याच वर्षी, ९ ऑगस्टला, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात दीर्घ ड्युटीनंतर सभागृहात विश्रांती घेण्यास गेलेल्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. विश्रांतीसाठी सुरक्षित खोली नसणे म्हणजे काय, हे त्यानंतर साऱ्या देशाला समजले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि छत्तीस तासांच्या ड्युट्या अमानुष असल्याबद्दल चिंताही व्यक्त केली.

हात कमी, तास जास्त

तास कमी करा, असे म्हणणे सोपे आहे. ज्येष्ठ अध्यापकांचा त्यावरचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. ताप चढताना आणि उतरताना, पोट फुगताना आणि बसताना रुग्णाशेजारी असल्याखेरीज वैद्यक कळत नाही, असे ते म्हणतात. अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात झालेल्या तरुणीच्या मृत्यूनंतर थकलेल्या डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००३ पासून तेथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा देशभर लागू झाली. पुढे २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग सोळा तासांची आणखी कडक अट घालण्यात आली. तिने रुग्णांच्या परिणामांत लक्षणीय फरक पडला नाही, म्हणून २०१७ मध्ये ती मागेही घेतली गेली. तात्पर्य एवढेच, की घड्याळ लावून सर्व काही सुटत नाही.

परंतु आपल्याकडील छत्तीस तासांत वैद्यक किती, हा प्रश्न अध्यापकमंडळी विचारीत नाहीत. रक्ताची नळी प्रयोगशाळेत नेऊन देणे, अहवाल आणायला पुन्हा तिकडे जाणे, रक्तपेढीपुढे रांगेत उभे राहणे, ट्रॉली सापडली तर मामा नाहीत आणि मामा सापडले तर ट्रॉली नाही अशा वेळी रुग्णाला स्वतः ढकलत सोनोग्राफीला नेणे, योजनांचे अर्ज भरणे, डिस्चार्ज कार्डे लिहिणे. यातले कोणते काम एमडीच्या अभ्यासक्रमात आहे? चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांच्या, तंत्रज्ञांच्या आणि लिपिकांच्या रिकाम्या जागा निवासी डॉक्टरने भरून काढायच्या, ही पद्धत इतकी मुरली आहे की तिची कोणी नोंदही घेत नाही. तास कमी करायचेच असतील, तर कात्री आधी येथे लागायला हवी. त्याने रुग्णाजवळचा एकही तास कमी होणार नाही.

हातांचा दुसरा तुटवडा परीक्षेच्या वेळापत्रकातून येतो आणि त्याकडे बाहेरच्यांचे लक्ष क्वचितच जाते. वॉर्डातील सर्वांत जड काम पहिल्या वर्षाच्या वाट्याला असते. नवी तुकडी आली, की जुनी एक पायरी वर चढते. नवी तुकडीच उशिरा आली तर? पदव्युत्तर प्रवेशाची २०२१ ची ‘नीट’ परीक्षा करोनामुळे लांबून ११ सप्टेंबरला झाली, त्यानंतर आरक्षणाच्या निकषांवरील खटल्यामुळे समुपदेशन अडले, आणि ते सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोवर देशभर दोन तुकड्या तीन तुकड्यांचे काम ओढत होत्या. त्या डिसेंबरात दिल्लीत डॉक्टर रस्त्यावर आले ते पगारासाठी नव्हे. आमचे कनिष्ठ सहकारी पाठवा, एवढीच त्यांची मागणी होती. २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली. २०२५ ची जूनमधून ऑगस्टमध्ये गेली. दिल्लीत परीक्षा दोन महिने सरकली, की घाटीतला पहिल्या वर्षाचा डॉक्टर आणखी दोन महिने पहाटे पाचला रक्त घेत राहतो.

वरच्या पायऱ्याही रिकाम्याच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करावीत, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला आणि विद्यावेतनात दहा हजार रुपयांची वाढ मिळाली. वाढ हवीच होती. पण रक्तनमुना नेण्यासाठी दहा हजार रुपये उठून चालत जात नाहीत. राज्यात २०२४ मध्ये दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, ही आनंदाची बाब. त्यांना लागणारे अध्यापक कोठून येणार, या प्रश्नाने जुन्या महाविद्यालयांतील विभागांना घोर लागला आहे.

या साऱ्या तुटवड्याचा हिशेब शेवटी समोर दिसणाऱ्या डॉक्टरकडून वसूल केला जातो. धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात १२ मार्च २०१७ रोजी डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दुसरीकडे हलवा, असे तेथील निवासी डॉक्टरने सांगितले, कारण रुग्णालयात न्यूरोसर्जनच नव्हता. जमावाने त्यालाच मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. न्यूरोसर्जन नसणे ही त्याची चूक नव्हती, पण तेथे सापडण्यासारखा दुसरा कोणी नव्हता. आठवडाभरात शीव रुग्णालयातही हल्ला झाला आणि राज्यातील सुमारे चार हजार निवासी डॉक्टर कामावर आले नाहीत. तो संप नव्हता, ‘रजा’ होती. उच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर आणि सरकारने अकराशे सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केल्यानंतर ती संपली. हल्लेखोरांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठोठावणारा राज्याचा कायदा तेव्हा सात वर्षांचा झालेला होता. २०२० च्या एप्रिलमध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती करून केंद्राने शिक्षा आणखी वाढवली. त्याच सुमारास घराघरांतून थाळ्या वाजल्या होत्या, आणि ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्वचारोग, नेत्ररोग, अस्थिव्यंग अशा सर्वच शाखांचे निवासी डॉक्टर तेव्हा करोना कक्षांत होते. त्यातील शल्यशाखांच्या कित्येकांच्या पदवीकाळातील महत्त्वाच्या शस्त्रक्रिया त्या काळात करायच्या राहून गेल्या, त्या राहिल्याच.

शिकणे राहून जाण्याची तक्रार साथीपुरती नाही. मे २०२३ च्या अखेरीस जे. जे. रुग्णालयाच्या नेत्ररोग विभागातील निवासी डॉक्टर आम्हाला शस्त्रक्रिया करूच दिल्या जात नाहीत, असे सांगत संपावर गेले. ज्येष्ठांनी हा आरोप फेटाळला, पदांचे राजीनामे दिले आणि वाद गाजला. त्यात कोण बरोबर हा मुद्दा येथे गौण आहे. ज्याला विद्यार्थी म्हणून कमी पैशात राबवले जाते, त्याला विद्यार्थी म्हणून शिकवले जाते का, हे मोजण्याची स्वतंत्र व्यवस्था नाही, हे त्या निमित्ताने उघड झाले.

आणि जेथे वॉर्डातला विनोद संपतो, अशी एक जागा आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात मे २०१९ मध्ये एका आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. तिच्या कुटुंबीयांनी तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप केला आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, २०२२ पर्यंतच्या पाच वर्षांत देशात ६४ पदवी आणि ५५ पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. हजारांहून अधिकांनी अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला आणि त्यात पदव्युत्तरांचीच संख्या मोठी होती. ‘पनवती’, ‘सगळ्यांनीच सोसले आहे’, ‘पहिले वर्ष म्हणजे पहिले वर्ष’ या शब्दांनी हसत-खेळत चालवलेल्या उतरंडीत थट्टा कोठे थांबली आणि छळ कोठे सुरू झाला, हे खालच्या पायरीवरच्याला कळते. पण त्याने ते सांगायचे कोणाला? प्रबंधाचे मार्गदर्शक, लॉगबुकावर सही करणारे, अंतिम परीक्षेला बसू देणारे आणि तक्रार ऐकणारे, हे सारे पुष्कळदा एकाच केबिनमध्ये बसतात.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही सुटका लगेच नाही. शासकीय किंवा महापालिका महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती टाळायची तर पन्नास लाख रुपये भरावे लागतात. परवानगीपेक्षा अधिक रजा झाली, तर तेवढे दिवस अभ्यासक्रम लांबतो, हेही नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे. जादा केलेल्या तासांची नोंद ठेवण्याबद्दल मात्र तीत काही नाही. ड्युटीचे वेळापत्रक सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टरच आखतो. त्यात साप्ताहिक सुट्टीचा रकाना ठेवायचा की नाही, हे नियमावली पाहून ठरत नाही. त्या वर्षी युनिटला पहिल्या वर्षाचे किती जण मिळाले, यावर ठरते.